कॅरल कूली आणि मिरांडा प्रकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी गाठतो. रिमांडसाठी आणलेल्या पोराचा भाऊ मला बाजूला घेतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "वकीलसाहेब, ह्याला उचलताना त्यांनी ते हक्क वाचूनच दाखवले नाहीत. म्हणजे केस उडाली ना?" ते हक्क म्हणजे अमेरिकन मालिकांमधले. हातात बेड्या घालता घालता पोलिस म्हणतो, तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, तू जे बोलशील ते कोर्टात तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. त्या वाक्यामागे अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या कॅरल कूली या तरुण पोलिसाने अर्नेस्टो मिरांडा नावाच्या माणसाला केलेली अगदी साधी, आरडाओरड न झालेली अटक आहे. तिच्याबद्दल, त्या पोलिसाबद्दल आणि आपल्याकडे काय चालतं याबद्दल लोक जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवतो.

कॅरल कूली म्हणजे कोण? त्यांना अटक झाली होती का?

नाही. 'कूलींची अटक' असं म्हटलं की मराठीत घोटाळा होतो. ही अटक कूलींना झालेली नाही, कूलींनी केलेली आहे. (आडनावाचा रेल्वे स्टेशनावरच्या हमालाशीही संबंध नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो.)

ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराच्या पोलिस दलात ते डिटेक्टिव्ह होते. आपल्या ठाण्यातल्या डीबी (गुन्हे प्रकटीकरण) पथकाचा माणूस डोळ्यांसमोर आणा. गुन्हा उघडकीस आणणं हे त्याचं काम, बंदोबस्त नव्हे. १९६३ साली अर्नेस्टो मिरांडाला ताब्यात घेतलं तेव्हा कूली विशीत होते. पुढे ते कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत गेले. मे २०२३ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी वारले. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती 'मिरांडाला पकडणारे डिटेक्टिव्ह' म्हणूनच.

१३ मार्च १९६३ रोजी नेमकं काय झालं?

मार्चच्या सुरुवातीला, रात्री कामावरून घरी परतणाऱ्या एका १८ वर्षांच्या मुलीला एका माणसाने गाडीत कोंबून शहराबाहेरच्या वाळवंटात नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. मुलगी घाबरलेली होती, तिच्या सांगण्यात थोडं इकडचं तिकडे होत होतं. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती. पुढच्या सीटच्या पाठीला दोरी बांधलेली होती. काही दिवसांनी तिच्या घरच्या माणसाला तशीच एक जुनी पॅकार्ड गाडी परिसरात फिरताना दिसली. नंबरप्लेट त्याने जमेल तेवढी टिपली आणि पोलिसांना दिली. त्या नंबरावरून पोलिस गाडीच्या मालकिणीपर्यंत पोहोचले. मिरांडा तिच्यासोबत राहत होता.

कूली आणि त्यांचे सहकारी विल्फ्रेड यंग १३ तारखेला सकाळी त्या घरी गेले. दारात पॅकार्ड उभी. आत मिरांडा रात्रपाळी करून झोपलेला. भाजीपाल्याच्या गोदामावर तो मालाची चढउतार करायचा. त्याला उठवलं आणि चौकशीसाठी स्टेशनला चल म्हणाले. आपल्याकडे 'जरा स्टेशनला या, पाच मिनिटांचं काम आहे' म्हणतात, त्याच चालीवर. तो निघाला. आपल्याला नाही म्हणता येतं की नाही हे ठाऊकच नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं.

स्टेशनला ओळख परेड झाली. चार माणसं उभी केली होती. मुलीने मिरांडाकडे बोट दाखवलं खरं, पण 'हाच' असं छातीठोक म्हणाली नाही. दिसायला तसा वाटतो, एवढंच. परेड संपल्यावर मिरांडाने कूलींना विचारलं, "कसं झालं माझं?" कूली म्हणाले, "फारसं बरं नाही, अर्नी."

सगळा खटला मला या एका उत्तरात दिसतो. ते उत्तर धडधडीत खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मुलीने आपल्याला ओळखलं असंच मिरांडाला वाटलं. त्यानंतर त्याला डिटेक्टिव्ह विभागातल्या चौकशीच्या खोली क्रमांक दोनमध्ये बसवलं. दोन तासांनी ते दोघे अधिकारी त्याच्या सहीचा लेखी कबुलीजबाब घेऊन बाहेर आले. मुलीला समोर आणल्यावर 'हीच ती' असंही तो म्हणाला होता.

मारहाण झाली होती का?

नाही. मिरांडाला थर्ड डिग्री दिल्याचा पुरावा नाही, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही तसं म्हटलेलं नाही. आपल्याकडे 'कबुलीजबाब' म्हटलं की पट्टा आणि छडी आठवते, म्हणून मुद्दाम सांगतो. कोणी कोणाला हात लावला नाही.

मग चुकलं काय?

चूक कागदात होती.

तो कबुलीजबाब मिरांडाने स्वतःच्या हाताने लिहिला, पण कोऱ्या कागदावर नाही. पोलिस खात्याचा छापील फॉर्म होता. वरच्या बाजूला एक परिच्छेद आधीच छापलेला होता. त्याचा अर्थ असा: हा जबाब मी स्वखुशीने देत आहे, मला धमकी, जबरदस्ती किंवा सुटकेचं आमिष दाखवलेलं नाही, माझ्या कायदेशीर हक्कांची मला पूर्ण जाणीव आहे, आणि मी जे सांगेन ते माझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं हे मला समजतं.

'पूर्ण जाणीव आहे.' कोणी करून दिली ती जाणीव? कोणीच नाही. गप्प राहता येतं, वकील मागता येतो, हे मिरांडाला कोणी सांगितलं नव्हतं. शाळा त्याने नववीतच सोडलेली. हा छापील मजकूर आपण त्याला वाचून दाखवला, अशी साक्ष अधिकाऱ्याने दिली होती. त्यावर सुप्रीम कोर्टाने तळटीपेत एक बारीक गोष्ट नोंदवली. तो मजकूर वाचून दाखवला गेला, पण बहुधा मिरांडाने तोंडी कबुली देऊन झाल्यावर. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी.

कागद म्हणतो माहिती आहे, आणि माणसाला माहिती नाही. मिरांडा प्रकरण या फटीवर उभं आहे. पोलिस चांगला की वाईट, हा त्यातला प्रश्नच नव्हता.

कूलींनी कोर्टात काय साक्ष दिली?

सरळ आणि खरी. खटला जून १९६३ मध्ये चालला. मिरांडाला सरकारी खर्चाने मिळालेले वकील होते ॲल्विन मूर, वय ७३, फी १०० डॉलर. उलटतपासात मूर यांनी विचारलं की अटक केलेल्या माणसाने जबाब देण्याआधी त्याला वकील मिळू शकतो हे सांगण्याची तुमची पद्धत नाही, बरोबर? कूलींनी उत्तर दिलं, "नाही, सर."

दोन शब्द. कूलींना लपवाछपवी करायची असती तर 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. आमच्याकडे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या तपासी अंमलदाराच्या तोंडून हे उत्तर दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. कूलींनी तसं केलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने लपवण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हाची रीतच ती होती. मूर यांनी कबुलीजबाबाला हरकत घेतली, न्यायाधीश येल मॅकफेट यांनी ती फेटाळली, आणि ज्युरीने मिरांडाला दोषी ठरवलं. शिक्षा २० ते ३० वर्षं.

आणखी एक तारीख शेजारी ठेवून पाहा. १८ मार्च १९६३, म्हणजे मिरांडाच्या अटकेनंतर पाचच दिवसांनी, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गिडियन खटल्यात ठरवलं की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे. म्हणजे कोर्टात वकील मिळण्याची सोय झाली होती. पण खटला हरला जातो तो कोर्टात नव्हे, दोन नंबरच्या खोलीत, आणि तिथे वकील नव्हता.

हे प्रकरण सुप्रीम कोर्टात कसं पोहोचलं आणि निकाल काय लागला?

१९६५ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. कारणांत एक कारण असं दिलं की मिरांडाने वकील मागितलाच नव्हता. नागरी हक्कांचं काम करणारे फिनिक्सचे वकील रॉबर्ट कॉर्कोरन यांनी प्रकरण हेरलं आणि जॉन फ्लिन व जॉन फ्रँक या दोघांना गळ घातली. दोघेही फिनिक्समधल्या एकाच बड्या फर्मचे. फ्लिन उभे राहून बोलणारे, फ्रँक लिहिणारे.

फेब्रुवारीच्या शेवटी आणि १ मार्च १९६६ रोजी युक्तिवाद झाले. फ्लिन यांचा मुद्दा असा होता की स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क पैसेवाल्याला वकील ठेवून मिळतो, शिकलेल्याला ठाऊक असल्यामुळे मिळतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याला तो कोणी सांगितल्याशिवाय मिळणार कसा? मिरांडासोबत न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया वगैरेकडची आणखी तीन प्रकरणं एकत्र होती.

१३ जून १९६६ रोजी निकाल लागला, पाच विरुद्ध चार. निकालपत्र मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांचं. वॉरन स्वतः कॅलिफोर्नियात कित्येक वर्षं सरकारी वकील होते, आरोपींना तुरुंगात पाठवणं हा त्यांचा धंदा होता. निकालपत्रात त्यांनी पोलिस प्रशिक्षणाच्या पुस्तकांमधल्या चौकशीच्या युक्त्या पानंच्या पानं दिल्या आहेत. आरोपीला एकटा ठेवा, घरच्या वातावरणापासून तोडा, गुन्हा केलाच आहे असं गृहीत धरून बोला, गरज पडल्यास एकाने मऊ आणि दुसऱ्याने कडक व्हा. चामडी सोलली तरच बळजबरी होते असं नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.

मग नियम आला. ताब्यातल्या माणसाची चौकशी करण्याआधी त्याला चार गोष्टी सांगायच्या: गप्प राहता येतं, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, वकील जवळ ठेवता येतो, पैसे नसतील तर वकील दिला जाईल. तो थांबा म्हणाला की थांबायचं.

अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी कडक टीका केली. या नियमामुळे काही खुनी आणि बलात्कारी पुन्हा रस्त्यावर येतील, असं न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहिलं. ती भीती खुळी नव्हती. त्या १८ वर्षांच्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर नक्कीच नव्हती, आणि या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण तिला पहिल्या परिच्छेदानंतर विसरतात.

पोलिस खिशातून कार्ड काढून वाचतात, तो मजकूर कोर्टाने दिला का?

नाही. कोर्टाने मुद्दे दिले, वाक्यं नाहीत. वाक्यं कॅलिफोर्नियात जुळवली गेली: राज्याच्या सरकारी वकील डोरिस मायर आणि नेव्हाडा काउंटीचे जिल्हा सरकारी वकील हॅरल्ड बर्लिनर यांनी. बर्लिनर यांचा छपाईचाही उद्योग होता. त्यांनी खिशात मावतील अशी कार्डं छापली आणि देशभरच्या पोलिस ठाण्यांना विकली. छापील फॉर्ममुळे उभी राहिलेली भानगड शेवटी छापील कार्डाने मिटली, हे मला फार गमतीचं वाटतं.

मग मिरांडा सुटला?

लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण नाही. आधीच्या एका लुटीच्या गुन्ह्यात तो शिक्षा भोगतच होता. बलात्काराचा खटला फेब्रुवारी १९६७ मध्ये नव्याने चालला, या वेळी कबुलीजबाब बाजूला ठेवून. ज्या बाईसोबत तो राहत होता तिने साक्ष दिली. तुरुंगात भेटायला गेले तेव्हा याने माझ्याजवळ गुन्हा कबूल केला, असं ती म्हणाली. बायकोसारख्या माणसाजवळ बोललेलं म्हणजे पोलिसांसमोरचं बोलणं नव्हे, त्यामुळे नव्या नियमाची आडकाठी नव्हती. तो पुन्हा दोषी ठरला, शिक्षा तीच.

१९७२ मध्ये पॅरोलवर सुटल्यावर तो मिरांडा कार्डांवर सही करून ती दीड डॉलरला विकायचा. ३१ जानेवारी १९७६ रोजी फिनिक्समधल्या एका बारमध्ये पत्त्यांच्या डावावरून भांडण झालं आणि त्याला भोसकलं. वय ३४. त्याच्या खिशात तसली कार्डं सापडली. खुनाच्या संशयिताला पोलिसांनी त्याच कार्डावरचे हक्क वाचून दाखवले. तो पसार झाला आणि त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.

या सगळ्याबद्दल कूलींना काय वाटायचं?

नंतरच्या मुलाखतींमध्ये त्यांचं म्हणणं एकच राहिलं. त्या वेळी जो कायदा होता त्याप्रमाणेच मी काम केलं. मला ते पटतं. कूली कच्चे पोलिस असते, म्हणजे त्यांनी हात उचलला असता किंवा पिंजऱ्यात खोटं बोलले असते, तर हे प्रकरण 'एका वाईट पोलिसाचं प्रकरण' म्हणून तिथेच निकालात निघालं असतं. खात्याची रीत पाळणाऱ्या माणसाच्या हातून झालं, म्हणून रीतच तपासावी लागली.

अमेरिकेत पोलिसांनी हक्क वाचून दाखवले नाहीत तर केस रद्द होते का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. फक्त ताब्यात असताना चौकशीत दिलेला जबाब सरकार पक्षाला मुख्य पुरावा म्हणून वापरता येत नाही. बाकी साक्षीदार, ठसे, कॅमेरे, सगळं चालतं. मिरांडा स्वतः त्याचं उदाहरण आहे.

आणि 'ताब्यात' व 'चौकशी' या दोन्ही गोष्टी लागतात. रस्त्यावर गाडी अडवून लायसन्स मागितलं, इतकी वेगाने का चालवत होतास म्हणून विचारलं, तर कार्ड वाचायची गरज नाही. १९८४ पासून तिथे हे स्पष्ट आहे. त्याच वर्षी आणखी एक अपवाद आला. सुपरमार्केटमध्ये पकडलेल्या माणसाच्या कमरेला रिकामं होल्स्टर होतं, पोलिसाने आधी विचारलं बंदूक कुठे आहे, त्याने मानेने दाखवली. लोकांच्या जिवाचा प्रश्न असेल तर आधी विचारलं तरी चालतं, असं कोर्टाने म्हटलं.

अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, १९६८ मध्ये कायदा करून मिरांडा नियम जवळजवळ गुंडाळला होता. २००० साली सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की हा नियम संविधानातून आलाय, कायद्याने बदलता येणार नाही. ते निकालपत्र मुख्य न्यायाधीश रेनक्विस्ट यांचं. ते नियमाचे जुने टीकाकार, आणि योगायोग असा की उमेदीची वकिली त्यांनी फिनिक्समध्येच केलेली. २०२२ मध्ये मात्र कोर्ट म्हणालं की हक्क सांगितले नाहीत एवढ्यावरून पोलिसावर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही. नियम जिवंत आहे, दात थोडे झिजलेत.

गप्प राहण्याचा हक्क आहे, म्हणजे नुसतं गप्प बसलं की झालं?

अमेरिकेत तसं नाही, आणि हे कोणालाच खरं वाटत नाही. २०१० मध्ये मिशिगनमधलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आलं. खुनाचा संशयित पावणेतीन तास जवळपास मुका बसला होता. शेवटी डिटेक्टिव्हने विचारलं, देव मानतोस का? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रार्थना करतोस का? हो. त्या पोराला गोळी घातलीस त्याची देवाकडे क्षमा मागतोस का? तो म्हणाला, "हो", आणि मान फिरवली. त्या एका 'हो'वर तो अडकला. कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की गप्प राहण्याचा हक्क वापरायचा तर तोंडाने तसं सांगायला हवं.

म्हणजे गप्प राहण्यासाठी आधी बोलायचं. मुंबईच्या गर्दीत 'शू' म्हणून ओरडण्यातला प्रकार.

मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो, नागरिक नाही. त्याला हे हक्क आहेत का?

आहेत. व्हिसाचा संबंध नाही. शांतपणे दोन वाक्यं म्हणायची: मला गप्प राहायचं आहे, मला वकील हवा आहे. दुसरं वाक्य जास्त कामाचं, कारण वकील मागितल्यावर चौकशी थांबवावीच लागते. शिवाय परदेशी नागरिक म्हणून आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगता येतं. भांडण करू नये, पळू नये, आणि 'मी काही केलं नाही, मग सांगायला काय जातंय' या आपल्या सवयीला आवर घालावा. मिरांडाही स्टेशनला स्वतःहून चालत गेला होता.

आपल्याकडे पोलिसांनी हक्क वाचून दाखवणं बंधनकारक आहे का?

अमेरिकेसारखं कार्ड नाही. पण म्हणून आपला कायदा दुबळा आहे असं समजू नका. एका बाबतीत तो कूलींच्या काळातल्याच नव्हे, आजच्या अमेरिकेपेक्षाही कडक आहे. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे (पुढे येणारा एक अपवाद सोडला तर) पुरावाच नाही. स्वखुशीने दिलेला असो, हक्क सांगून घेतलेला असो, शंभर सह्या असोत. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलं. मुळात ही तरतूद इंग्रजांनी १८६१ मध्ये आणली. त्याआधी १८५५ मध्ये मद्रास प्रांतातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला होता आणि वसुलीसाठी, कबुलीसाठी चालणाऱ्या छळाचं जे चित्र बाहेर आलं त्याने राज्यकर्तेही हादरले होते. आपल्या पोलिसावर त्याच्याच सरकारने ठेवलेला हा अविश्वास आजही कायद्यात तसाच आहे.

म्हणजे कूलींनी तो कागद पुण्यात किंवा नागपुरात घेतला असता तर सरकारी वकिलाने तो कोर्टात दाखवलाही नसता.

आता पळवाट. आरोपीने सांगितल्यावरून काही वस्तू सापडली, समजा विहिरीतून कोयता निघाला, तर त्या शोधाशी जोडलेलं तेवढंच बोलणं पुराव्यात येतं. म्हणून आपल्याकडे कबुलीजबाबापेक्षा 'निवेदन पंचनामा' जोरात चालतो. पंच ठरलेले, मजकूर ठरलेला: 'मी सदरचे हत्यार काढून देतो, माझ्यासोबत चला.' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की भिन्न जिल्ह्यांतले, भिन्न जातींचे आरोपी एकाच मराठीत कसे बोलतात याचं आश्चर्य वाटायचं आता थांबलंय.

बाकी हक्क विखुरलेले आहेत. संविधानाचा अनुच्छेद २०(३): गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. अनुच्छेद २२: अटकेची कारणं सांगणं, वकिलाचा सल्ला, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत नातेवाइकाला कळवणं आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येणं आहे. मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. १९७८ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मिरांडा निकालाचा आधार घेऊन गप्प राहण्याचा हक्क ठाण्यातल्या चौकशीलाही लागू केला. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात ११ सूचना आल्या: पोलिसाच्या छातीवर नाव, अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदार, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीतल्या अपघाताच्या प्रकरणातून, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायची, तीही आरोपीला कळणाऱ्या भाषेत, आणि फार तर रिमांडच्या दोन तास आधीपर्यंत. पायऱ्यांवर मला विचारणाऱ्या भावाला मी हल्ली हेच विचारतो: कारणांचा कागद दिला का, आणि कुठल्या भाषेत दिला?

कसाबच्या खटल्यात मिरांडाचा विषय निघाला होता, हे खरं का?

खरं. दंडाधिकाऱ्यांपुढे कसाबने कबुलीजबाब दिला तेव्हा त्याच्याजवळ वकील नव्हता, म्हणून तो बाद करा, असा मुद्दा सुप्रीम कोर्टात मांडला गेला. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात कोर्टाने मिरांडाची सविस्तर चर्चा केली आणि तो नियम इथे लावायला नकार दिला. कारण आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली मुळातच बाद आहे, आणि दंडाधिकाऱ्यांपुढची घेताना 'तू कबुली द्यायला बांधील नाहीस' हे सांगणं व विचाराला वेळ देणं कायद्यातच आहे. पण जाता जाता कोर्टाने एक मोठी गोष्ट केली. आरोपीला पहिल्यांदा हजर करतानाच त्याला वकिलाचा, आणि पैसे नसतील तर मोफत वकिलाचा हक्क सांगणं हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य ठरवलं. आज रिमांडला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उभा दिसतो, त्यामागे हे आहे. हेल्पलाइन नंबर १५१००.

मकोकामध्ये पोलिसांसमोरची कबुली चालते म्हणतात?

चालते. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मकोका कायद्याच्या कलम १८ खाली पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा ठरते. आणि तिथेच कायद्याने अधिकाऱ्याला आधी समजावून सांगायला लावलंय की कबुली द्यायला तू बांधील नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. महाराष्ट्रात पोलिसाला मिरांडाचं वाक्य खरोखर कायद्याने बोलावं लागतं ते इथे.

ठाण्यात जबाबावर सही करायला सांगितली तर करावी का?

फिर्याद देणारे तुम्ही असाल तर फिर्यादीवर सही करायची, आधी वाचून. अटक मेमोवर आणि पंचनाम्यावर सही होते. पण तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याने सही करायचीच नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ सांगतं. फार कमी लोकांना हे माहीत असतं, आणि काही हवालदारांनाही.

त्या जबाबाचा शेवट मात्र ठरलेला असतो: 'माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे.' गेल्या पावसाळ्यात एका साक्षीदार आजींना मी कोर्टात हे शेवटचं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, आजी, तुम्ही हे वाचून पाहिलंत? त्या म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतंय रं लेकरा?"